मास्क कोणाच्या मापाचा

लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी क्रेनवाल्याने एक छोटासा निर्णय घेतला. बायको घोरते, हे तिला सांगायचं नाही.

निर्णय घ्यायला त्याला मुळीच वेळ लागला नाही, कारण न बोलण्याचे सगळे निर्णय तो झटपट घ्यायचा. (बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर एकदाच आला होता, लग्नाला होकार देताना. तेव्हाही त्याने मान हलवून भागवलं होतं.) त्याची शाळा नववीतच सुटली. अभ्यास जड गेला असं नाही. उत्तर यायचं, पण ते उभं राहून सगळ्यांसमोर द्यावं लागायचं. पुढे पाइपांच्या कारखान्यात क्रेन चालवायचं काम मिळालं आणि त्याच्या जिवाला थारा मिळाला. जमिनीपासून साठ फूट उंच काचेची केबिन, आत एक खुर्ची, दोन दांडे आणि माणूस एकटाच. खालून मुकादमाच्या हाताच्या खुणा यायच्या. वर घे, डावीकडे ने, हळूच ठेव. आठ तासांत एक शब्द बोलावा लागत नसे. सुट्टीच्या दिवशी त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बायको अगदी उलट. पडद्यांच्या कारखान्यात ती शिलाईला होती. वीस मशीनांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी समोरच्या इमारतीतल्या माणसाला आपल्यालाच मागितल्यासारखं वाटायचं. तिला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक तिची सरळ शिलाई, आणि दुसरी तिची झोप.

"उशीला डोकं टेकायचा अवकाश, मी गुडुप!" ती सगळ्यांना सांगायची. बसमध्ये तिचा डोळा लागायचा, दाताच्या डॉक्टरकडे बाकावर लागायचा, एकदा तर केस विंचरता विंचरता फणी हातात धरून लागला होता. सकाळी उठल्यावर डोकं जड आणि तोंडाला कोरड. ती म्हणायची, "झोप जरा जास्तच झाली."

क्रेनवाल्याची आवाजाबद्दल तक्रार नव्हती. लोखंडावर लोखंड आपटणाऱ्या यार्डात तो दुपारी डबा खाऊन खुशाल डुलकी काढणारा माणूस. त्याचा जीव खालीवर व्हायचा तो आवाज थांबला की. चांगलं लयीत चाललेलं घोरणं मधेच बंद पडायचं. तिची छाती हलायची, पण श्वास यायचा नाही. तो अंधारात मोजायला लागायचा. दहा. पंधरा. वीस. पंचविसाला त्याचा हात पुढे जायचा आणि तिचा खांदा हलवायचा. मग एकदम मोठा, ओढून घेतलेला श्वास यायचा, ती कूस बदलायची आणि घोरणं पुन्हा सुरू. ते थांबलं की तोही पुन्हा एकपासून सुरू.

अशी तीन वर्षं गेली.

सांगायचं त्याने कितीदा तरी ठरवलं. पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी वाटलं, ती विचारणार, वर्षभर का नाही बोललात? तिसऱ्या वर्षी तर दोन वर्षांचा जाब द्यावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर त्याला भीतीही वाटत होती. बोललं की ते खरं होईल, अशी काहीतरी त्याची समजूत होती. त्यापेक्षा हात लांब करून खांदा हलवणं सोपं होतं.

मग एका दुपारी यार्डात बारा पाइपांची मोळी हवेत लटकली आणि तिथेच राहिली. मुकादमाने हात हलवले, शिटी मारली, टोपी हलवली. मोळी हलेना. खाली उभ्या असलेल्या ट्रकचा ड्रायव्हर गाडी तशीच सोडून लांब पळाला. अकरा मिनिटं वाट पाहून मुकादम स्वतः साठ फूट शिडी चढून वर गेला. तो पुष्कळ वर्षांत शिडी चढला नव्हता, त्यामुळे बोलायला त्याला आणखी दोन मिनिटं लागली.

"अरे, मेलास की काय?"

"नाही."

"मग झोपला होतास?"

क्रेनवाल्याने मान हलवली. कोणाला काही लागलं नव्हतं, पण मुकादमाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पाहून क्रेनवाल्याचाही पडला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दवाखान्यात त्याची तपासणी झाली. डॉक्टरबाई वयस्कर होत्या, आणि प्रश्न विचारताना चष्म्यावरून बघायच्या.

"रात्री झोप होते?"

"नाही."

"घोरणं वगैरे?"

क्रेनवाल्याने विचार केला. घोरणं होतं, हे खरंच होतं. "हो," तो म्हणाला.

"मधेच श्वास थांबतो?"

"हो."

"रोज?"

"रोज."

कोणाचा, हे डॉक्टरबाईंनी विचारलं नाही, आणि विचारलं नाही ते सांगायची त्याला सवय नव्हती. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला क्रेनवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. घरी एक रात्र अंगाला लावून झोपायचं चाचणीचं यंत्रही दिलं. अहवाल चांगला आला तर क्रेन परत, वाईट आला तर उपचार होऊन सुधारणा दिसेपर्यंत खिडकी.

खिडकी म्हणजे काय, हे ज्याला बोलायला आवडतं त्याला कळायचं नाही. नटबोल्ट, हातमोजे, वायसर न्यायला दिवसाला शंभर माणसं यायची आणि प्रत्येक जण बोलायचा.

"काय राव, विमान उतरलं वाटतं खाली!"

"वायसर द्या अर्ध्या इंचाचे. आणि घरी सगळं बरं ना?"

वायसर द्यायला क्रेनवाल्याला काही वाटत नसे. घरी सगळं बरं आहे हे शंभर वेळा सांगताना त्याच्या शर्टाची पाठ भिजून जायची. दर थोड्या वेळाने तो खिडकीतून वर बघायचा. त्याच्या केबिनमध्ये दुसराच कोणीतरी बसलेला दिसायचा, आणि तो वर बसून गाणी म्हणायचा.

चाचणीच्या रात्री बायकोने त्याच्या छातीला पट्टा बांधला, बोटाला चिमटा लावला आणि नाकात नळी अडकवली. मग ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"अहो, तुम्हाला खरंच श्वास थांबायचा रोग असेल, तर ते यात येणार ना?"

"येणार."

"मग क्रेन जाणार."

त्याने बोटाचा चिमटा सारखा केला. बायको थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस हा माणूस खिडकीतून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसत होता, ते तिला दिसत होतं.

"काढा ते सगळं," ती म्हणाली. "मी लावते. माझी झोप म्हणजे दगड. माझा श्वास घेऊन जा, आणि क्रेनवर बसा."

क्रेनवाल्याने तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलू नका!" बायको म्हणाली. (ही विनंती तिने चुकीच्या माणसाला केली होती.) पट्टा तिच्या छातीला गेला, नळी तिच्या नाकात गेली आणि दोन मिनिटांत ती गुडुप झाली. क्रेनवाला शेजारी बसून मोजत राहिला. त्या रात्री त्याने खांदा हलवला नाही. यंत्राला सगळं दिसू दे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण एकदा आकडा पन्नासच्या पुढे गेला, तेव्हा त्याचा हात आपोआप निघाला.

अहवाल आला. तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो. आजार तीव्र.

बायकोने तो कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "हे यंत्रच बिघडलेलं आहे," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "नाहीतर तुम्ही शेजारी होतात, तुमचंच त्याने धरलं असेल. किती जोराचा असेल बघा तुमचा रोग, माझ्या नाकातून आला!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सीपॅप मशीन घ्यायचं. त्यातून हवा दाबाने येते, मास्कमधून नाकात जाते आणि घसा बंद पडू देत नाही. रोज रात्री वापरायचं. किती वेळ वापरलं, श्वास कसा चालला, याची नोंद मशीनच ठेवतं. एका महिन्याची चांगली नोंद आणून दाखवा. मग क्रेनचं बघू."

क्रेनवाल्याच्या डोक्यात त्या क्षणी एक योजना आली. मशीन घ्यायचं आपल्या नावाने, पण तिच्या मापाचं. मग कुठल्यातरी रात्री ती झोपली की हळूच तिच्या नाकावर चढवायचं. तिचा श्वास चालेल, नोंद चांगली येईल, क्रेन मिळेल, आणि कोणाला काही सांगायला नको. योजना त्याला इतकी आवडली की दुकानात जाताना तो बायकोच्या पुढे चालत होता.

दुकान लहान पण चकचकीत होतं. एका भिंतीला मशीनं, दुसऱ्या भिंतीला मास्क घातलेले पांढरे पुतळ्यांचे चेहरे, आणि कोपऱ्यात झोपून पाहण्यासाठी एक नमुन्याची खाट. विक्रेता बारीक अंगाचा, टाय लावलेला आणि मनापासून बोलणारा होता.

"बसा दादा, बसा वहिनी. पेशंट कोण?"

"हे," बायको म्हणाली.

"छान!" विक्रेता म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, काळजी करू नका. हे बघा, दोन प्रकार. यात हवेचा दाब एकच ठरलेला राहतो. हे ऑटो. श्वास अडला की स्वतःच दाब वाढवतं, मोकळा झाला की कमी करतं. माणूस बघून वागतं म्हणा ना."

"ऑटो," क्रेनवाला म्हणाला.

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. विचारायच्या आत नवरा बोलला, असं याआधी झालं नव्हतं.

"आता मास्क. दादांचा चेहरा मोठा आहे, जबडा रुंद, वर मिशी. तुम्हाला मोठं माप लागेल."

"लहान," क्रेनवाला म्हणाला.

"लहान तुमच्या नाकावर राहणार नाही, दादा."

"राहील."

"अहो, तुमचं नाक काय माझ्याएवढं आहे का?" बायको म्हणाली.

"लहानच दाखवा," क्रेनवाला पुतळ्यांकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि मागे केस अडकणार नाहीत असा पट्टा."

विक्रेत्याने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे अडकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"लांब केस असले तर," क्रेनवाल्याने खुलासा केला.

"वाढवणार आहात?"

"हो," क्रेनवाला म्हणाला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

विक्रेता बराच अनुभवी असावा. त्याने निमूटपणे बायकांच्या मापाचा मास्क काढून समोर ठेवला. बायकोने तो आधी उचलला. पट्टा ताणून पाहिला, उलटा केला आणि शिवणीवर नख फिरवलं.

"ही शिलाई सहा महिन्यांत उसवेल. दोरा कच्चा आहे. दुसरा दाखवा."

दुसरा पास झाला. मग मशीनचा आवाज किती, पाण्याचा डबा धुता येतो का, नळी रात्री गळ्याभोवती गुंडाळली तर काय, हे सगळे प्रश्न तिने विचारले, इतक्या मोठ्याने की रस्त्यावरून जाणारे दोघे आत येऊन उभे राहिले.

"आता दादा, एकदा खाटेवर पडून घालून बघा," विक्रेता म्हणाला.

क्रेनवाल्याने खाटेकडे पाहिलं, आत आलेल्या त्या दोघांकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीला घाम फुटला. भर दुकानात, लोकांसमोर, तोंडाला नळी लावून आडवं व्हायचं! तो जागचा हलेना.

"इश्श, त्यात काय एवढं लाजायचं!" बायको म्हणाली. "आणा इकडे. मी घालून दाखवते. बघा आणि शिका."

ती खाटेवर आडवी झाली. विक्रेत्याने मास्क बसवला, बटण दाबलं. लहान माप तिला शिवून दिल्यासारखं बसलं. मास्क घालूनच तिने हाताने खूण केली, हे असं, काही होत नाही. दुसरी खूण करायला तिने हात अर्धा उचलला आणि तो हळूहळू खाली आला.

ती झोपली होती.

विक्रेता हसला. "नमुन्याच्या खाटेवर होतं असं कधीकधी. उठवूया का?"

"थांबा," क्रेनवाला म्हणाला.

तो खाटेजवळ स्टूल ओढून बसला. सवयीने त्याने मोजायला सुरुवात केली, पण दोनच्या पुढे आकडा जाईना. श्वास येत होता, जात होता. पुन्हा येत होता. घोरणं नाही, थांबणं नाही, ओढून घेणं नाही. तिचं कपाळ, जे झोपेत कायम आवळलेलं असायचं, ते मोकळं झालं होतं. क्रेनवाला बघत राहिला. तीन वर्षांत प्रथमच हात मांडीवर ठेवून तो तिच्या शेजारी बसला होता. हातांचं काय करावं, हे त्याला कळेना.

विक्रेता मशीनच्या पडद्याकडे वाकला आणि त्याचं हसू गेलं. त्याने हळू आवाजात विचारलं, "दादा, पेशंट नक्की कोण आहे? दाब चांगलाच वर गेलाय. यांचा घसा बंद पडतोय, मशीन तो उघडून धरतंय."

क्रेनवाल्याचे डोळे भरून आले, आणि विक्रेत्याला उत्तर मिळालं. त्याने दाराला आतून "थोड्या वेळात येतो" ही पाटी लावली, आणि आत उभ्या असलेल्या दोघांना पाणी दिलं.

एक तास दहा मिनिटांनी बायको उठली. मास्क काढून म्हणाली, "झोपले नव्हते मी. डोळे मिटून ऐकत होते." मग तिचं भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तिने डोक्याला हात लावला, मान डावीकडे उजवीकडे फिरवली. "डोकं किती हलकं झालंय हो." आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"अहो, तो अहवाल खरा होता ना? माझाच होता."

त्याने मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

पुन्हा मान.

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

"कशाच्या?"

"लग्नाच्या."

विक्रेता छताकडे बघू लागला.

"मग तुम्ही रात्रभर करता काय?"

"मोजतो," क्रेनवाला म्हणाला. "तुझा श्वास. पंचवीस झाले की तुला हलवतो."

दुकानात इतकी शांतता झाली की मशीनची बारीक हवा ऐकू येत होती. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले आणि विक्रेत्याला म्हणाली, "हेच ठेवून द्या बाजूला. लहान मापाचं. आधी डॉक्टरबाईंकडे जाऊन येते." आणि दारातून बाहेर पडता पडता रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तीन वर्षं! अहो, माणसाने एका शब्दाने सांगू नये?"

डॉक्टरबाईंना तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "लघवीची बाटली बदलून आणणारे पाहिले. दुसऱ्याचं रक्त आणणारे पाहिले. नवऱ्याला श्वास उसना देणारी बाई पहिल्यांदाच बघतेय."

मग तिची चाचणी तिच्या नावाने रीतसर झाली. मशीन तिच्या उशाशी आलं. शिवताना तिच्या दोन बोटांना कायम सुईच्या टोचण्या असायच्या, डुलकीतल्या. त्या महिन्याभरात भरून आल्या. क्रेनवाल्याचीही नव्याने चाचणी झाली. आठ तास चाळीस मिनिटं गाढ झोप आणि श्वास स्वच्छ.

क्रेन परत मिळण्याच्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दवाखान्यात गेला. बायको बरोबर होती. डॉक्टरबाईंनी सगळे कागद वाचले.

"श्वास उत्तम. झोप उत्तम. नजर उत्तम," त्या म्हणाल्या. "अडचण एकच आहे. वर बसलेल्या माणसाला सगळं आधी दिसतं. दोर झिजलेला दिसला, मोळीखाली माणूस आलेला दिसला, तर त्याने ओरडून सांगायला हवं. तुम्हाला घरात, शेजारी झोपलेल्या बायकोला, जिवावरची गोष्ट तीन वर्षं सांगता आली नाही. मी तुम्हाला वर कशी पाठवू?"

क्रेनवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"आणखी तीन महिने खिडकी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध समजा. दिवसाला शंभर माणसं." त्यांनी सही केली आणि कागद दोन्ही हातांत आडवा धरला. "हरकत असेल तर आत्ता सांगा. तोंडाने. खणखणीत. सांगितलीत तर हा कागद इथेच फाडते आणि उद्यापासून तुम्ही क्रेनवर."

"बोला ना, अहो!" बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

हरकत होती. चांगली तीन वाक्यांची, मुद्देसूद हरकत त्याच्या मनात तयार होती. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. डॉक्टरबाई कागद फाडायच्या तयारीत थांबल्या. बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा माना वळवून बघू लागले. क्रेनवाल्याने घसा खाकरला, शर्टाचं वरचं बटण लावलं, पुन्हा घसा खाकरला.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला.

आणि तेही इतक्या हळू, की डॉक्टरबाईंना दोनदा "काय?" विचारावं लागलं.